चार सायकली आणि शकुनबाई

कुणी नवीन बाई भेटली की शकुनबाई आधी तिचे खांदे बघायच्या. मग कंबर. चेहऱ्यावर नजर यायची ती शेवटी, आणि तोवर त्या बाईबद्दल त्यांचं निम्मं मत झालेलं असायचं. "डावा खांदा उतरेल हाय तिचा," त्या मला नंतर सांगायच्या, "लेकरं सारी डाव्या कडेवर वाढवली तिनं." नाव विचारलं तर आठवायचं नाही. "थे नाही का, लामता गावची, लांब हाताची," असं म्हणायच्या, आणि दोन वर्षांनी ती लांब हाताची पुन्हा आली तर न विचारता बाहीचं माप सांगून मोकळ्या व्हायच्या.

शकुनबाई टेंभुर्णे आमच्या घरापासून चौथ्या घरात राहायच्या आणि ब्लाउज शिवायच्या. बालाघाटात शिवणाऱ्यांची कमी नाही, आता तर काचेची दुकानं झाली आहेत, पुतळ्यांना ब्लाउज घालून उभे करतात. शकुनबाईंच्या दारावर साधी पाटी नव्हती. पुढच्या खोलीत खिडकीपाशी पायमशीन, भिंतीला एक आरसा, खाली चटई, झालं दुकान. पण लालबर्ऱ्याहून, खैरलांजीहून बाया बसनं यायच्या आणि बसस्टँडपासून विचारत विचारत घर गाठायच्या. नवरा लवकर गेला, एक मुलगी वंदना, तिला त्या मशीनवर शिकवून नागपूरला दिली. एवढीच त्यांची हकीकत मला माहीत आहे, आणि त्या स्वतःहून याच्या पुढं कधी गेल्या नाहीत.

माप घेण्याची त्यांची एक रीत होती. बाई आरशाकडं पाठ करून उभी करायच्या. आरशात बघितलं की बाई पोट आत घेते, असं त्यांचं म्हणणं. तरी एखादी घ्यायचीच. मग शकुनबाई टेप तसाच धरून गप्प उभ्या राहायच्या. किती वेळ? तर तिचा श्वास सुटेपर्यंत. "हं, आता आली तू," म्हणायच्या, "मघाशी कोन उभी होती मले माहीत नाही." आणि मापाचा आकडा त्या मोठ्यानं कधी बोलायच्या नाहीत. वहीत लिहायच्या तेव्हा डाव्या हाताचा आडोसा करून लिहायच्या. सासू सोबत आलेली असो की सख्खी बहीण, आकडा कुणाला कळायचा नाही. एकदा एका सासूनं फारच लावून धरलं, सुनेची कंबर किती ते सांगा म्हणून. शकुनबाईंनी तिच्याकडं खांद्यापासून कमरेपर्यंत एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचंबी सांगू का मंग सुनेले?" सासू चहा न पिता गेली.

शिवायच्या मशीनवर, पण कापायच्या जमिनीवर. चटईवर जुनी पांढरी चादर, चादरीवर कापड, आणि कापडाच्या कडेवर त्यांचा उजवा गुडघा. डावा पाय मुडपलेला, उजवा गुडघा वजनासारखा ठेवलेला. कात्री पुढं जाईल तसा तो गुडघा तिच्या मागं सरकत जायचा. वंदनानं एकदा कापायला टेबल पाठवलं. त्यावर इस्त्री आली, मग डबे आले, मग मांजर बसायला लागलं. "टेबलावरचं कापड पळायसाठी तयारच असते," शकुनबाई म्हणायच्या. "जमिनीवरचं कापड निवांत पडून राहते. त्याले माहीत असते, आता खाली पडाले जागाच नाही."

तर तोच उजवा गुडघा दुखायला लागला. आधी उठताना, मग बसताना, मग नुसता पडल्या पडल्या. गोंदियाच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की झीज झाली आहे, मांडीला ताकद आणा. त्यासाठी एका जागी उभी असलेली सायकल रोज चालवा, सहा-आठ महिने बघू. नाहीतर गुडघा बदलावा लागेल, आणि बदललेला गुडघा घेऊन जमिनीवर बसायचं विसरा.

परत येताना रेल्वेत मी सोबत होते. अर्धी वाट त्या उजवा गुडघा चोळत होत्या. मग म्हणाल्या, "जमिनीवर बसू नका म्हणते थो. मंग कापू कुठं, आभाळात?" थोड्या वेळानं पुन्हा, "ताई, मले मरणाचं भेव नाही. पण टेबलावर कापड कापायचं म्हटलं का भेव वाटते."

आमच्या इथं एका बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात जिम निघाली आहे. सकाळ-संध्याकाळ पोरं असतात, अकरा ते एक बायांची बॅच. माझ्या सुनेनं माझ्या साखरेसाठी माझा फॉर्म आधीच भरून ठेवला होता आणि मी महिनाभर आज-उद्या करत होते. आता सोबत मिळाली म्हणून आम्ही दोघी गेलो. जायच्या आधी शकुनबाईंनी दोघींसाठी ढिला कुर्ता आणि खाली घोट्याशी आवळलेला पायजमा शिवला. "चाकापाशी लुगडं नाही चालत," म्हणाल्या, "मशीनच्या पट्ट्यात माहा पदर दोनदा गेलता. मले ठाऊक हाय."

बायांची बॅच राहांगडाले मॅडम घ्यायच्या. चाळिशीच्या, दणकट, आधी कुठल्याशा शाळेत खेळ शिकवायच्या. बोलायच्या हिंदीच, मराठी कळायचं सगळं. पहिल्या दिवशी वजनाच्या काट्यावर उभं केलं आणि रजिस्टरात लिहिणाऱ्या बाईला ऐकू जावं म्हणून आकडा हॉलभर ऐकवला. माझा ऐकवला, मी काय करणार, हसले. शकुनबाईंची पाळी आली तर त्या काट्यावर चढेचनात.

"दीदी, आइए ना, सिर्फ वजन है."

"मॅडम, तुमी मोठ्यानं काहून बोलता?"

"रजिस्टर में लिखना पड़ता है न."

"लिहा की. लिहाले आवाज लागत नाही." मग काट्याकडं बघत म्हणाल्या, "बाईचा आकडा बाईचा असते, मॅडम. हॉलचा नाही."

राहांगडाले मॅडम स्वतः रजिस्टर घेऊन आल्या आणि मान खाली घालून लिहिलं. त्या दिवसापासून त्या हॉलात कुणाचं वजन कुणाला कळलं नाही. चार बाया यायच्या बंद झाल्या होत्या, त्या परत आल्या.

आता सायकलींचं सांगते. भिंतीशी चार सायकली ओळीनं होत्या आणि चारी वेगळ्या. मॅडम त्यांची इंग्रजी नावं सांगायच्या, ती आम्हा कुणाच्या जिभेवर बसली नाहीत. शकुनबाईंनी नावं ठेवली तीच चालली. एक उभी, म्हणजे आपल्या रस्त्यावरच्या सायकलीसारखी, सरळ बसायचं, खाली पाय मारायचे. दुसरी बसकी. तिला पाठ टेकायला खुर्चीसारखी जागा, पाय समोर लांब करून पायडल मारायचे. तिसरी जडचाकी. तिच्या पुढं हे एवढं लोखंडी चाक, बसायची गादी बारकी, पुढं वाकून चालवायची. आणि चौथी पंखेवाली, तिच्या पुढच्या चाकाच्या जागी जाळीत पंखाच होता, आणि पायांबरोबर हातानंही दांडे पुढंमागं करायचे.

एप्रिलचा महिना, पत्र्याचं छत, बाराच्या सुमाराला लाइट जाणार म्हणजे जाणार. तुम्हीच सांगा, बाया कुठल्या सायकलीवर बसतील? पंखेवालीपुढं लाइन लागायची. पाय मारले की वारा येतो, लाइट असो नसो. मीसुद्धा गेले. पहिला वारा आला तेव्हा बरं वाटलं, म्हणून जोर लावला. जोर लावला तशी ती आणखी जड झाली, कारण तिचा गुणच तो, तुम्ही जितकं लोटाल तितकी ती तुम्हाला लोटणार. तिसऱ्या मिनिटाला माझ्या डोळ्यांपुढं काजवे. मॅडम हसून म्हणाल्या, "काकी, यह सबसे कठिन वाली है. पहलवान लोग रोते हैं इस पर." चारी सायकलींत जी सगळ्यांत अवघड, तिच्यावर आमची पन्नाशी-साठीची सगळी पलटण हवा खायला बसत होती.

शकुनबाई दोन दिवस कशावरच बसल्या नाहीत. स्टूल घेऊन भिंतीशी बसल्या आणि बाया बघितल्या. तिसऱ्या दिवशी मी उभीवर बसले होते, तर त्यांनी पिशवीतून टेप काढला.

"ताई, उतरा. भिंतीले लागून उभ्या ऱ्हा."

त्यांनी माझं कमरेच्या हाडापासून टाचेपर्यंत माप घेतलं. टाचेपाशी वाकता येत नव्हतं, म्हणून टेपचं खालचं टोक मी पायाखाली दाबायचं आणि वर त्या बघायच्या. मग उभ्या सायकलीच्या गादीखालच्या दांड्याला भोकं असतात, त्यांपाशी टेप धरला, गादी दोन भोकं वर केली आणि मला बसवलं. पाय सगळ्यात खाली गेला की गुडघा किती वाकतो ते हात लावून बघितलं. "पुरा सरळ नाही झाला पाह्यजे. ब्लाउजात श्वासाले जागा ठेवतो ना, तसा गुडघ्याले थोडा सैल." मी पाय मारले. काय सांगू, दोन दिवस माझ्या गुडघ्याच्या वाटीत जी सुई टोचत होती, ती गेली. गादी खाली होती म्हणून टोचत होतं, एवढंच.

मॅडम बघत होत्या. पुढं येऊन म्हणाल्या, "दीदी, यह आपने कहाँ सीखा?"

"मॅडम, गादी काय अन् गळा काय. ज्याचं त्याले बसलं पाह्यजे."

पंधरा दिवसांत शकुनबाईंच्या वहीत सगळ्या बॅचचे पाय लिहिले गेले, डाव्या हाताच्या आडोशानं. कोणती कुणाला हेही त्याच ठरवायच्या आणि मॅडम मान डोलवायच्या. शाळेतल्या एक उंच बाई होत्या, गुडघे-कंबर लोखंडासारखे, त्यांना जडचाकी. ज्यांना नुसती सवय लावायची त्यांना उभी. पंखेवालीवर शेवटची दोन मिनिटं, तीही ज्यांचा दम शाबूत त्यांनाच. आणि बसकी दिली बिसेन भाभींना.

बिसेन भाभी म्हणजे तोंडानं तिखट, मनानं बरी. पाठीचा मणका सरकलेला, तरी ऐकून घेईना. "मैं क्या बीमार हूँ? तो आरामकुर्सीवाली मेरे को क्यों?"

"पाठ दुखते ना तुमची?"

"दुखती है तो क्या. सब देखेंगे कि बिसेन भाभी लेट के साइकिल चला रही."

"पाहू द्या. पाहणाऱ्याची पाठ थोडी दुखून राह्यली."

भाभी बसली, पण पुढं कितीतरी दिवस त्या सायकलीला 'बीमारवाली' म्हणत राहिली, आणि शकुनबाईंकडं बघून म्हणत राहिली.

मी काय म्हणते, एवढं सगळ्यांचं बघणाऱ्या बाईनं स्वतःसाठी काय निवडावं? जडचाकी. डॉक्टरांनी सायकल चालवा एवढंच सांगितलं होतं, कुठली ते नाही. मॅडमनी पहिल्या दिवसापासून सांगितलं, दीदी, आपका घुटना खराब है, आप टेकवाली पर बैठिए. शकुनबाई ऐकल्यासारखं करायच्या आणि जडचाकीवर चढायच्या. मीही म्हटलं, "अहो, तुम्ही सगळ्यांना माप घेऊन बसवता, तुमचं माप कुणी घेतलं?"

"मले माप लागत नाही. माहे पाय चाळीस वर्सांचे चाकावरचे हायेत."

ते खरंच होतं. तिच्यावर बसल्या की त्यांचा चेहरा बदलायचा. खिडकीपाशी शिवताना असायचा तसा व्हायचा. जड चाक एकदा फिरायला लागलं की आपल्या जोरावर फिरतं, पायांना नुसती साथ द्यायची, आणि मशीनचंही तसंच असतं असं त्या म्हणायच्या. मला वाटतं त्यांना त्या सायकलीचा आवाज आवडायचा. पण एक फरक होता. तो मॅडमनी सगळ्यांना सांगितला होता, हात जोडून सांगितला होता: या सायकलीवर पाय मध्येच थांबवायचे नाहीत. बाकीच्या सायकलींवर तुम्ही पाय थांबवले तर पायडल थांबतं. हिच्यावर थांबत नाही. चाक फिरत असेतोवर पायडल फिरणार आणि तुमचे पाय घेऊन फिरणार. थांबायचं तर पुढचं लाल बटण दाबायचं, नाहीतर हळूहळू कमी करत आणायचं.

जूनमधली गोष्ट. शकुनबाई तालात होत्या, डोळे अर्धे मिटलेले. दारातून कुणी हाक मारली, "शकुनबाई हायेत का इथं?" लालबर्ऱ्याची एक गिऱ्हाईक, घरी भेटल्या नाहीत म्हणून जिममध्ये शोधत आलेली.

मशीनवर शिवताना हाक आली की शिवणारी बाई काय करते, बघितलंय कधी? पाय जागच्या जागी दाबते आणि उजवा तळहात मशीनच्या चाकावर ठेवते. दोन्ही एकाच क्षणात, विचार न करता. मशीन तिथल्या तिथं उभं राहतं. शकुनबाईंनी तेच केलं. मी शेजारच्या उभीवर होते, मी डोळ्यांनी बघितलं. पाय दाबले आणि उजवा हात बाजूला गेला, तळहात खाली करून, जिथं चाळीस वर्षं चाक होतं तिथं. तिथं काहीच नव्हतं. जड चाक फिरत राहिलं, पायडलनं दाबलेला पाय उचलून वर फिरवला आणि गुडघा पिरगळला. त्या ओरडल्या नाहीत. हात तसाच हवेत, आणि चेहऱ्यावर नुसतं आश्चर्य.

मॅडम धावल्या, लाल बटण दाबलं, बर्फ आणला. त्या बिचाऱ्या रडायच्याच राहिल्या होत्या, मी जबरदस्तीनं उतरवायला हवं होतं म्हणत होत्या. शकुनबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुमची चूक नाही मॅडम. सायकलीची बी नाही. पायाले जुना धडा पाठ हाय, थो नवा कसा वाचेल?" मग दारातल्या बाईला म्हणाल्या, "गळ्याचं कापड आणलं का?"

तीन आठवडे त्या खाटेवर. गुडघा कलिंगडासारखा सुजलेला. वंदना नागपूरहून आली, आठ दिवस राहिली, आताच ऑपरेशन करून टाकू म्हणाली. शकुनबाई भिंतीकडं तोंड करून पडायच्या. लग्नाची, नामकरणाची कापडं कोपऱ्यात गाठोड्यात बांधून होती, त्यांना हात लावू दिला नाही. वंदना शिवायला बसली तर म्हणाल्या, "शिवशील. पन कापशील कशी? कापड माह्या गुडघ्याले वळखते."

वंदना गेली त्या दुपारी मी भाजी घेऊन गेले होते. बसले थोडा वेळ. मग मी टेप उचलला. मला शिवणकाम येत नाही, काजबटणसुद्धा सुनेला सांगते. पण म्हटलं, "सरळ पडा. आज तुमचं माप घेते."

"काहून?"

"बसकीची गादी किती मागं ठेवायची ते मॅडमना सांगायला."

त्या सरळ झाल्या. मी डाव्या पायाचं घेतलं, कमरेच्या हाडापासून टाचेपर्यंत, त्या माझं घ्यायच्या तसं. मग उजव्याचं. पुन्हा घेतलं, कारण मला वाटलं माझं चुकलं. नाही चुकलं. उजवा पाय पाऊण इंच कमी भरत होता. पाय कमी नव्हता हो, गुडघाच पुरा सरळ होत नव्हता. किती दिवसांपासून होत नसेल कोण जाणे.

त्या माझ्याकडं बघत होत्या. "कमी भरला ना?"

मी टेप गुंडाळला.

"मले माहीत होतं. साल झालं. पायजमा शिवला तेव्हाच उजवा पाय आखूड कापला मी, अंदाजानं. टेप नाही लावला." मग म्हणाल्या, "टेप लावला असता तर खरं झालं असतं."

त्यांची वही घेतली, शेवटचं पान काढलं आणि मी दोन्ही आकडे लिहिले. कसं कोण जाणे, माझा डावा हात आपोआप आडवा आला. खोलीत आम्ही दोघीच होतो.

जुलैत त्या पुन्हा जिममध्ये आल्या, काठी घेऊन, माझा हात धरून. बसकीवर बिसेन भाभी होती. ती उतरली, गादी पुसली, ओढणीनं पुसली, आणि म्हणाली, "आइए, आइए. बीमारवालों की लाइन में आपका स्वागत है."

"लाइन कितीची हाय?"

"अभी तक मैं अकेली थी."

"मंग तुमी मोठी झाल्या, मी धाकटी," शकुनबाई म्हणाल्या आणि बसल्या. हॉल हसला. मॅडमनी मी लिहिलेल्या आकड्यांवरून गादी मागंपुढं केली, उजव्या पायाच्या मापानं लावली, डाव्याच्या नाही. पाठ टेकलेली, पाय समोर, वजन सगळं खुर्चीवर. पहिल्या दिवशी चार मिनिटं. शकुनबाईंनी मिनिटं मोजली नाहीत, पायडलच्या फेऱ्या मोजल्या, टाके मोजतात तशा ओठांत.

पुढं मी काही मोठं सांगत नाही. रोज गेल्या. आंबेडकर जयंतीची आणि बुद्ध पौर्णिमेची सुटी सोडली तर एक दिवस चुकला नाही, हे नंतरच्या वर्षाचंही धरून सांगते. ऑगस्टात काठी सुटली. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी मला हाक मारून बोलावलं. मी गेले तर चादर अंथरलेली, वर अस्तराचं कापड, आणि शकुनबाई भिंतीला धरून खाली बसत होत्या. मी पुढं झाले तर हातानंच थांबवलं. बसल्या. डावा पाय मुडपला, उजवा गुडघा कापडावर ठेवला. पहिल्यांदा नुसता ठेवला, वजन दिलं नाही. मग दिलं. कात्री उचलली नाही त्या दिवशी. पाच मिनिटं बसून उठल्या.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या लग्नसराईत त्यांनी जमिनीवर बसून कापलं. तासभर बसायचं, उठायचं, अकराला जिम, आल्यावर पुन्हा तासभर. बाया लालबर्ऱ्याहून, खैरलांजीहून पुन्हा बसनं यायला लागल्या. जिममध्ये नवीन कुणी आली की शकुनबाई तिचं माप घ्यायच्या आणि आधी विचारायच्या, "कामधंदा काय करता? कशाची सवय हाय पायाले?" ही त्यांनी वहीत नवी ओळ घातली होती. एक पायमशीनवाली बाई आली, तर तिला जडचाकीला हातसुद्धा लावू दिला नाही.

डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढला. मांडी चांगली भरली म्हणाले, पण हाड ते हाड. घासायचं ते घासतच होतं. मार्च-एप्रिलमध्ये सूज परत आली, बसकीवरही दुखायला लागलं. सायकलीनं हाड परत येत नाही, हे त्यांना त्या फोटोच्या आधी कळलं असावं. मला त्यांनी जिमच्या पायऱ्यांवर सांगितलं, चपला घालता घालता. "ऑपरेशनले हौ म्हटलं मी वंदनाले. लग्नसराई सरली का जातो." मी काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "ताई, थ्या सायकलीनं मले पुरी सराई दिली. मी तं दिवाळीपर्यंतच मागतली होती."

ऑपरेशन नागपूरला झालं, चांगलं झालं. त्या वंदनाकडंच राहिल्या. चालतात म्हणे झपाझप, जिने चढतात. शिवणं आहे थोडं थोडं, वंदनानं उंच टेबल केलंय. फोनवर बोलतो आम्ही, त्या मॅडमचं विचारतात, बिसेन भाभीच्या पाठीचं विचारतात. टेबलाचं मी विचारत नाही.

त्यांना शेवटचं बघितलं ते नागपूरला निघायच्या आदल्या दुपारी. दार उघडं होतं. वंदना आतल्या खोलीत बॅगा भरत होती. ती दारापाशी येऊन हळूच म्हणाली, "मावशी, आई सकाळपासून खाली बसली आहे. मधे दोनदा उठली फक्त. गिऱ्हाइकांचे सगळे कापून झाले कालच. आता काय कापते, विचारलं तर सांगत नाही."

मी उंबऱ्यात उभी राहिले. चादरीवर पांढरं अस्तर पसरलं होतं, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. एका बाजूला कापलेल्या तुकड्यांची चळत, मापवार लावलेली. गुडघा सुजलेला होता, पायजम्यातून दिसत होता.

"कुणाचं आहे?" मी विचारलं.

"कोनाचंच नाही," त्या वर न बघता म्हणाल्या. "अस्तर हाय. कोनालेबी लागते."

मी आत गेले नाही. त्यांनी उजव्या हातानं गुडघा उचलला, एक वीत पुढं ठेवला, कापड दाबलं, आणि कात्री पुढं गेली.